वाचक विचारतात: साखरेची स्ट्रिप, दंडावरचा पॅच आणि बीटीची पट्टी

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरात, शेतात, दवाखान्यात ज्या तपासणीच्या पट्ट्या नि सेन्सर आता सर्रास दिसतात त्यांच्याबद्दल काही अडत असेल तर कळवा. तर पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त साखरेवरचे. नागपूरचं खाणं-पिणं बघता नवल नाही म्हणा. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

मानेवाड्याच्या एक काकू विचारतात: नाश्त्यानंतर दोन तासांनी घरचं मशीन १७१ दाखवते आणि त्याच वेळी लॅबवाला १५२ देते. मुलगा म्हणते फेकून दे, नवीन घेऊ. नवीनही असंच करून राहिलं तर? खरं कोणाचं मानायचं?

फेकू नका काकू, दोन्ही बरोबर असू शकतात. आधी ते मशीन करतं काय ते बघू, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल.

स्ट्रिपच्या टोकाला एक एन्झाइम सुकवून लावलेलं असतं, बऱ्याच कंपन्यांमध्ये ते ग्लुकोज ऑक्सिडेज असतं. हे एन्झाइम ज्या बुरशीपासून काढतात ती ॲस्परजिलस नायजर, म्हणजे साठवलेल्या कांद्यावर जी काळी भुकटी दिसते ना, ती. हे एन्झाइम रक्तातल्या बाकी शंभर गोष्टींकडे बघत नाही, फक्त ग्लुकोज पकडतं, त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, मधला एक रासायनिक मध्यस्थ ते इलेक्ट्रॉन स्ट्रिपवरच्या धातूच्या रेघेपर्यंत पोचवतो आणि मशीन ती वीज मोजतं. जास्त साखर, जास्त करंट, बस. एक जैविक भाग जो ओळखतो आणि एक भाग जो त्या ओळखीचा सिग्नल करतो, हे दोन जोडले की त्याला बायोसेन्सर म्हणतात. ही कल्पना १९६२ ची, अमेरिकेत लेलंड क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञानं ऑक्सिजन मोजायच्या इलेक्ट्रोडवर हे एन्झाइम बसवून बघायचं सुचवलं. घरी वापरायचं वीज मोजणारं मशीन यायला मात्र १९८७ उजाडलं, ते पेनाएवढं होतं. त्याआधी रंग बदलणाऱ्या पट्ट्या होत्या, आणि त्याच्याही आधी लघवी उकळून बघायचे, ते तुमच्या सासूबाईंच्या काळातलं.

आता १७१ नि १५२. पहिली गोष्ट, घरच्या मशीनसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओचा २०१३ चा, तो म्हणतो की साखर १०० किंवा वर असेल तर १०० पैकी ९५ रीडिंग खऱ्या आकड्याच्या पंधरा टक्के इकडेतिकडे चालतील, आणि १०० च्या खाली असेल तर पंधरा मिलिग्रॅम इकडेतिकडे. १५२ चे पंधरा टक्के काढा, १२९ ते १७५ मधलं काहीही आलं तरी मशीन पास. तुमचं त्यात बसतं.

दुसरी गोष्ट, बोटाच्या टोकाचं रक्त नि दंडाच्या शिरेतलं रक्त एक नाही. उपाशीपोटी दोघांत फारसा फरक नसतो, पण जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर जास्त असते कारण शिरेत येईपर्यंत शरीरानं थोडी वापरलेली असते. म्हणून तुलना करायचीच असेल तर उपाशीपोटी करा, नाश्त्यानंतर नको. तिसरी गोष्ट लॅबची. रक्त काढल्यावर त्यातल्या पेशी जिवंतच असतात, त्या नळीतली साखर खात बसतात, तासाला पाच-सात टक्के. त्यासाठी फ्लोराइडची नळी वापरतात पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायलाही तास-दोन तास लागतात. म्हणजे नमुना कलेक्शन सेंटरवरून उन्हातान्हात डब्यात फिरत मेन लॅबला गेला तर लॅबचाच आकडा कमी येऊ शकतो. हे कोणी सांगत नाही, सगळे मशीनलाच बोल लावतात.

आणि काकू, अंगात रक्त कमी असेल तर सांगा डॉक्टरांना. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लाल पेशी कमी, त्या थेंबात पाण्याचा भाग जास्त, आणि बऱ्याच स्ट्रिपा मग साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्या विदर्भात बायांमध्ये ॲनिमिया किती आहे हे काही मी नवीन सांगायला नको, तरी हा मुद्दा साखरेच्या गप्पांत कधी निघत नाही.

धरमपेठेतून एक काका: परवा अचानक ३१० आलं, घरचे घाबरले, अर्ध्या तासानं १४० आलं. काही गोड खाल्लं नव्हतं, फक्त संत्री सोलून नातवाला दिली होती.

काका, उत्तर तुम्हीच दिलं की. संत्र्याचा रस बोटाला लागला, त्यात ग्लुकोज आहे, आणि स्ट्रिपला लागतो अर्धा मायक्रोलिटर, फार तर एक. एवढ्याशा थेंबात फळाच्या साखरेचा जरासा अंश मिसळला तरी आकडा उडतो. २०११ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे मुद्दाम करून पाहिलं होतं, द्राक्षं, संत्री, किवी सोलायला लावली आणि मग बोट टोचलं, आकडे भलतेच वर. यातली खरी गंमत पुढे आहे: स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसून काही फायदा झाला नाही, नळाखाली पाण्यानं हात धुतले तेव्हाच बरोबर आकडा आला. आपल्याकडे सगळे स्पिरिट चोळतात नि समाधान मानतात. हात धुवा, कोरडे करा (ओल्या बोटानं थेंब पातळ होतो, मग उलटी चूक), मग टोचा. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या हंगामात तर हे फ्रिजवर लिहून चिकटवा.

याला जोडूनच उन्हाळ्याचं सांगतो, कारण तीन-चार जणांनी विचारलंय. स्ट्रिपच्या डब्यावर बहुतेक ३० डिग्रीपर्यंत ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात नागपुरात घरातलं कपाटसुद्धा त्याच्या वर जातं, स्कूटीच्या डिक्कीचं तर बोलूच नका. पण उष्णतेइतकीच वाईट ओल. ती आपण कुठून आणतो? कूलरमधून. कूलरच्या झोतासमोर डबा उघडा ठेवून बोट टोचत बसलं की प्रत्येक स्ट्रिप दमट हवा पिते, त्या डब्याच्या आत ओल शोषणारं जे असतं ते काही दिवसांत थकतं. एक स्ट्रिप काढायची, झाकण लगेच कट्ट आवाज येईपर्यंत लावायचं. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी सुटतं. घरातली सगळ्यात थंड कोरडी खोली, कूलरपासून लांब. आणि डबा फोडल्याची तारीख पेनानं लिहा, उघडल्यावर किती महिने चालतो हे डब्यावर असतं, ते एक्स्पायरीपेक्षा वेगळं असतं.

आयटीत काम करणारे एक भाऊ, मिहान: वय ३४, शुगर नाही. मित्रांनी दंडावर सीजीएम पॅच (सतत साखर मोजत राहणारा) लावलेत, सावजी खाल्लं की ॲपवर ग्राफ वर जाताना दिसते. मी पण लावावा का? आणि ते स्मार्टवॉच मिळते ना न टोचता साखर दाखवणारं, ते स्वस्तात येऊन राहिलं.

घड्याळाचं आधी, कारण ते दोन वाक्यांत संपतं. मनगटावर बांधून, काही न टोचता साखर मोजणारं आज मिळणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी अमेरिकेच्या एफडीएनं मान्य केलेली नाही, उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी लोकांना सावध केलं की असली उपकरणं वापरून इन्सुलिनचा डोस ठरवाल तर जीवावर बेतेल. तुमच्या हजार-दोन हजाराच्या घड्याळात जो आकडा येतो तो बहुधा नाडी वगैरेवरून मारलेला अंदाज असतो, आणि साखर नसलेल्या माणसाला ९५ ते ११० मधलं काहीही दाखवलं तरी ते खरंच वाटणार ना. घेऊ नका.

असं नाही की कोणी प्रयत्न केला नाही. २००१ मध्ये ग्लुकोवॉच नावाचं घड्याळ एफडीएनं मान्य केलं होतं, ते कातडीतून हलका करंट सोडून आतलं द्रव ओढून घ्यायचं आणि त्यातली साखर मोजायचं. कातडी लाल व्हायची, खाज सुटायची, घाम आला की रीडिंग गाळायचं. चाललं नाही, बंद पडलं. आणि घामाचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिलनंतर ते दुपारभर गाळतच बसलं असतं.

आता पॅच. तो खरा सेन्सर आहे, थट्टा नाही. कातडीखाली साधारण अर्धा सेंटिमीटर एक बारीक तार जाते, तिच्यावर तेच स्ट्रिपवालं तत्त्व, पण दर काही मिनिटांनी आपोआप. १९९९ मध्ये पहिला आला तेव्हा तो तीन दिवस चालायचा आणि आकडे पेशंटला दिसायचेही नाहीत, डॉक्टर नंतर काढून बघायचे. आता बरेच १४ दिवस चालतात नि फोनवर दिसतात. इन्सुलिन घेणाऱ्याला, विशेषतः टाइप वनच्या पोरांना, रात्री झोपेत साखर पडते तेव्हा अलार्म देणारी ही गोष्ट म्हणजे आईबापांची झोप परत मिळाली. त्यांच्यासाठी मी कधीही म्हणेन, जमत असेल तर घ्या.

पण भाऊ, तो रक्त मोजत नाही. तो पेशींच्या मधलं पाणी मोजतो. साखर आधी रक्तात चढते, मग तिथे झिरपते, पाच-दहा मिनिटं मागे. नवेगाव खैरीहून पेंचचं पाणी सोडलं म्हणून तुमच्या नळाला त्याच क्षणी येत नाही, तसं. साखर स्थिर असताना हा उशीर कळतच नाही, पण सावजीच्या रश्श्यासोबत भाकरी-भात रेटल्यावर किंवा जिममध्ये पळताना आकडा झपाट्यानं बदलत असतो तेव्हा पॅच आणि बोट जुळत नाहीत. अजून एक, त्या कुशीवर झोपलात की पॅचवर दाब येतो, तिथलं द्रव सरकतं आणि रात्री तीनला ५५ चा अलार्म, माणूस उठून साखर खातो, काही झालेलं नसतं. काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सी च्या जास्त डोसानं आकडा खोटा वर जातो, जुन्या काही मॉडेलमध्ये पॅरासिटामॉलनं जायचा. ज्या मॉडेलचं घ्याल त्याच्या पत्रकात हे लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

शुगर नसताना लावायचा का, तर माझं मत: एकदा कुतूहल म्हणून लावलात तर पाप नाही, पैसे तुमचे. पण जेवणानंतर निरोगी माणसाचीही साखर थोडा वेळ १४० च्या वर जाऊन येते, ते बघून भात सोडला, फळं सोडली, केळं बघून घाम फुटायला लागला असली मंडळी मी बघून राहिलोय. शंका असेल तर उपाशीपोटीची साखर नि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करा, पॅचपेक्षा बरंच स्वस्तात काम होतं.

हिंगण्याजवळचे एक शेतकरी: कृषी केंद्रवाला म्हणते पट्टी बुडवून दाखवतो, दोन रेघा आल्या म्हणजे बीटी कापूस ओरिजिनल. रेघा तर आल्या होत्या, तरी बोंडअळीनं खाल्लं. पट्टी खोटी का बियाणं?

भाऊ, पट्टीही खरी असेल नि बियाण्यात बीटीही असेल. प्रश्न भलता विचारला गेला.

ती पट्टी म्हणजे गर्भाची किंवा कोविडची जी किट असते तीच जात. पान किंवा बी कुटून द्रावणात घालायचं, पट्टी उभी करायची, द्रव वर चढतो, वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवलेल्या अँटिबॉडी असतात, त्यांना बीटीचं अळीला मारणारं प्रोटीन, म्हणजे क्राय वन एसी वगैरे, सापडलं की ते सगळं जाऊन एका रेघेवर अडकतं आणि रेघ लाल दिसते. हो, तो लाल रंग सोन्याचाच, इतके बारीक कण केले की सोनं पिवळं राहत नाही. दुसरी रेघ नुसती पट्टी चालली हे सांगायला. असल्या किट आपल्याच नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं बनवल्या, बीटी आल्यावर नकली बियाण्यांचा जो सुळसुळाट झाला होता त्यासाठी, आणि चांगलं काम केलं त्यांनी.

पण पट्टी सांगते एवढंच की या चुऱ्यात ते प्रोटीन आहे. किती आहे ते नाही सांगत. झाड म्हातारं होतं तसं त्या प्रोटीनचं प्रमाण पानात, बोंडात कमी होत जातं, आणि गुलाबी बोंडअळी नेमकी उशिरा येते. सगळ्यात मोठं म्हणजे गुलाबी अळीलाच आता त्या प्रोटीनचं काही वाटत नाही. २०१० मध्ये गुजरातमधून क्राय वन एसी ला न जुमानणाऱ्या अळीची बातमी आली, मग दोन जनुकांच्या बीटीलाही ती सरावली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीनं काय केलं ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला काय सांगणार.

आणखी दोन गोष्टी, कारण यात फसवणूक होते. चोरबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं विनापरवाना बियाणं, त्यातही बीटीचं प्रोटीन असतंच. म्हणजे या पट्टीवर तेही ‘ओरिजिनल’. तणनाशकाचं जनुक वेगळं, त्याची पट्टी वेगळी. आणि उलटी बाजू अशी की आता अधिकृत पाकिटातच पाच ते दहा टक्के साधं, बिगरबीटी बियाणं मिसळलेलं असतं, रेफ्युजी म्हणून, अळीनं लवकर सरावू नये यासाठी. तुम्ही एकच बी काढून कुटलं आणि ते नेमकं रेफ्युजीचं निघालं तर एकच रेघ येईल, आणि तुम्ही दुकानदाराच्या कॉलरला हात घालाल. दहा-वीस बिया वेगवेगळ्या तपासा, मग भांडा. पक्कं बिल आणि रिकामं पाकीट जपून ठेवा, तक्रारीला पट्टी नाही, ते लागतं.

कामठीहून एक ताई: मुलीचं लग्न जुळत आहे. शिबिरात तिची सिकलसेल टेस्ट पॉझिटिव्ह आली. मुलाकडे सांगावं की नाही? आणि ही टेस्ट किती खरी?

ताई, सांगावंच, पण नीट माहिती घेऊन सांगा, अर्धवट नको. मुलगी चांगली धडधाकट आहे, म्हणजे ती नुसती वाहक (सदोष जनुक एकच, आजार नाही) असण्याची शक्यता जास्त. शिबिरात बऱ्याचदा सोल्युबिलिटी टेस्ट करतात, रक्ताचा थेंब द्रावणात टाकला की ते गढूळ होतं, मागच्या रेघा दिसत नाहीत. ती स्वस्त आहे, पटकन होते, पण तिला वाहक आणि रोगी यातला फरक कळत नाही, दोघांचंही गढूळ. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती फसते, कारण बाळाच्या रक्तात अजून गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं.

आता नव्या पट्ट्या आल्यात ज्यात अँटिबॉडी नेहमीचं ए नि सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन वेगवेगळं ओळखतात, थेंबभर रक्तात पंधरा-वीस मिनिटांत कळतं की दोन्ही आहेत की नुसतं एस. तान्ह्या बाळालाही चालतात. मोठी प्रगती आहे ही, दुर्गम पाड्यावर मशीन न नेता निदान. पण लग्नाचा निर्णय पट्टीवर नको. सोबत थॅलेसेमियाचा दोष असेल तर पट्टी गोंधळते, म्हणून एचपीएलसी करा, त्यात कोणतं हिमोग्लोबिन किती टक्के हे येतं. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत जाऊन विचारा, आणि जावयाचीही करा. मुलगी वाहक नि मुलगा साधा असेल तर एकाही बाळाला सिकलसेलचा आजार होणार नाही, फार तर वाहक. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. दर वेळी, हं. पहिलं बाळ चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

सिकलसेलमध्ये डीएनएच्या तीनशे कोटी अक्षरांपैकी एकच अक्षर बदललेलं असतं. हे एक अक्षर शोधायला दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत क्रिस्परवर (डीएनएतला नेमका तुकडा शोधणाऱ्या तंत्रावर) आधारलेली कागदी पट्टीची चाचणी बनवत होते, देबोज्योती चक्रवर्ती नि सौविक मैती यांची टीम, तेवढ्यात कोविड आला. त्यांनी तेच तंत्र विषाणूकडे वळवलं आणि २०२० च्या सप्टेंबरात फेलूदा म्हणून त्याला परवानगी मिळाली. म्हणजे सगळ्या देशानं ज्याची कोविडची टेस्ट म्हणून बातमी वाचली तिचं मूळ आपल्या भागाच्या दुखण्यात होतं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं तेव्हा ठरलं. एवढ्या लोकांना एचपीएलसी मशीनपर्यंत आणणं कठीण, म्हणून असल्या पट्ट्यांना किंमत.

वरच्या साखरवाल्यांसाठी एक ओळ इथेच टाकतो: सिकलसेलचा आजार असलेल्याची एचबीएवनसी खोटी कमी येते, लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. डॉक्टरांना आधी सांगा.

गडचिरोलीत नोकरी करणारे एक शिक्षक: मलेरियाचा कोर्स पूर्ण केला, ताप गेला, तरी आशाताईच्या किटवर अजून पॉझिटिव्हच. औषध लागू झालं नाही का?

लागू झालं असणार, गुरुजी. फाल्सिपेरमची किट जंतू शोधत नाही, जंतूनं रक्तात सोडलेलं एचआरपी टू नावाचं प्रोटीन शोधते, आणि ते जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. बरं झालं की नाही हे बघायला किट नाही, काचेवरचा रक्ताचा स्मिअर. ताप परत आला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी पीएचसी गाठा.

बीएस्सीची एक विद्यार्थिनी: नाग नदीत एक सेन्सर बसवून टाकला तर घाण कोण सोडते ते चोवीस तास कळणार नाही का? प्रोजेक्ट करायचा आहे.

प्रश्न झकास आहे पोरी, आणि तो नागपुरातच पडायला पाहिजे, इथे १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्याच गावातून नाग नदी अशी वाहते.

पाण्यातली सेंद्रिय घाण मोजतात बीओडीनं. बाटलीत पाणी कोंडायचं, जंतूंनी किती ऑक्सिजन संपवला ते बघायचं, जगभर २० डिग्रीला पाच दिवस, आपल्याकडे २७ डिग्रीला तीन दिवसही चालतात. म्हणजे आज रात्री कोणी टँकर ओतला तर आकडा येईस्तोवर ते पाणी कन्हानला जाऊन मिळालं. म्हणून १९७७ मध्ये जपानात कारुबे यांच्या गटानं जिवंत जंतूंचा थर थेट ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवर बसवला, पाण्यात खायला जास्त असलं की जंतू जास्त श्वास घेतात, ऑक्सिजन घसरतो, तासाच्या आत अंदाज येतो. क्लार्कचाच इलेक्ट्रोड, फक्त एन्झाइमच्या जागी अख्खा जंतू.

मग नाग नदीत का नको? कारण अशा पाण्यात कोणताही सेन्सर काही दिवसांत शेवाळानं, चिकट थरानं माखतो, मग तो नदी मोजत नाही, स्वतःवरची घाण मोजतो. दुसरं म्हणजे विषारी काही आलं तर सेन्सरवरचे जंतूच मरतात, ऑक्सिजन वापरला जात नाही आणि सेन्सर म्हणतो पाणी स्वच्छ! सगळ्यात वाईट दिवशी सगळ्यात चांगला रिपोर्ट. म्हणून विषासाठी वेगळे सेन्सर असतात, उजेड देणारे बॅक्टेरिया घेतात, उजेड मंदावला की समजायचं काहीतरी गडबड. पोलंडमध्ये वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात तर आठ शिंपल्यांना चुंबक नि सेन्सर लावून ठेवलेत, पाणी बिघडलं की शिंपले मिटतात आणि अलार्म होतो. मला हे फार आवडतं, शिंपल्यांना ड्युटी लावलीय सरळ.

तुझ्या प्रोजेक्टला नदी नको घेऊस. कॉलेजच्या होस्टेलचं सांडपाणी घे, बेकरीचं यीस्ट जेलमध्ये अडकवून विरघळलेल्या ऑक्सिजनच्या प्रोबवर बसव, आणि नेहमीच्या बीओडीशी ताडून बघ. आणि तोच थर रोज वापरून किती दिवसांत रीडिंग ढासळतं याचा आलेख काढ. परीक्षक त्यालाच मार्क देतील, कारण बहुतेक प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवसाचंच रीडिंग असतं.

इतवारीतून: दूधवाल्याचं दूध घरी तपासायची पट्टी मिळते का?

युरियाची मिळते, त्यात युरिएज एन्झाइम असतं, रंग बदलतो. पण दुधात युरिया मुळातच असतो, सरकारी मर्यादा लिटरमागे साधारण ७०० मिलिग्रॅमची आहे, त्यामुळे हलका रंग आला म्हणून दूधवाल्याला धरू नका, डब्यावरच्या रंगपट्टीशी उजेडात जुळवा. जनावराला दिलेल्या अँटिबायोटिकची पट्टी डेअऱ्या वापरतात, टँकरमध्ये ओतायच्या आधी, घरी ती परवडत नाही. आणि पाणी घातलंय का हे विचारत असाल, बहुतेकांना तेच विचारायचं असतं, तर त्याला या पट्ट्यांचा काही उपयोग नाही, कारण पाणी ओळखणारं एन्झाइम त्यात नसतं. लॅक्टोमीटर घ्या, आणि दूधवाल्याला सांगूनच घ्या की घेतलाय.